खवला

तोंडवळीच्या किनाऱ्यावर पहाटे रापण लागली.
होडीने समुद्राला मोठा वळसा घातला,
दोराची दोन टोकं वाळूवर आणून टाकली,
आणि आम्ही दोन रांगांनी दोराला लागलो.

लवू खोबरेकर पुढे, कमरेएवढ्या पाण्यात.
मागे इनास, त्याची बायको, कुबलांची दोन पोरं,
मग मी. कॉलेजात जीवशास्त्र शिकवते,
मे महिन्यात आत्तेकडे येते.

धरायचं. मागे रेलायचं. सोडायचं. पुढे हात टाकायचा.
सगळे एकदम कधीच सोडत नाहीत,
एकाचा हात सुटतो तेव्हा बाकीच्यांचे घट्ट असतात,
म्हणून समुद्राला कळतही नाही
की दोर क्षणाक्षणाला कुणीतरी सोडतंय.
शेवटचा माणूस सुरूंच्या मुळाशी पोचला
की दोराचं वेटोळं घालतो
आणि रिकाम्या हातांनी उतरत जातो पाण्यात,
सगळ्यांच्या पुढे.
रांग तेवढीच राहते.

मला सोडणं जमेना.
लाट ओढायची तसा मी दोर आवळायची,
दोर घसरायचा, तळव्याचं सालटं जायचं.
लवू पाण्यातून ओरडला,
"अगो बाये, ओढूक सगळ्यांका येता.
सोडूक शिकाक व्हया!"

वाट्याला एक बोय आली. अजून उडत होती.
तिचा एक खवला चिमट्याने काढला,
औषधाच्या बाटलीत समुद्राचं पाणी घेतलं,
आणि आचऱ्याच्या एसटीत मांडीवर ती बाटली.

कॉलेज बंद. शिपाई किल्ली देऊन जेवायला गेला.
दोन काचांमध्ये खवला ठेवला आणि वाट बघत बसले.
दुपार कलली तेव्हा खवल्याच्या काठावरून
एक पेशी निघाली. मग तिच्यामागे दोन.
विड्याच्या पानासारखी पसरट, पुढची कड थरथरती,
मिनिटाला दहा मायक्रॉन.
केसाची जाडी ओलांडायला सहा-सात मिनिटं.
कुठे निघाली होती, कोण जाणे.

दोर मला दिसले नाहीत. त्या सूक्ष्मदर्शकाचं ते काम नव्हे.
पण मला ठाऊक आहे, त्या कडेच्या आत
अ‍ॅक्टिनचे धागे पुढच्या टोकाला कणाकणाने वाढत असणार,
मागच्या टोकाला उसवत असणार,
आणि उसवलेला कण रिकाम्या हातांनी
पुन्हा पुढे, पाण्यात उतरत असणार.
मागच्या अंगाला मायोसिनचे इवले हात
धरतात, रेलतात, सोडतात, पुढे टाकतात.
एटीपी लागतो तो सोडण्यासाठी.
हे मी फळ्यावर बारा वर्षं लिहीत आले आहे,
आणि पोरांनी बारा वर्षं वहीत उतरवलं आहे.

घरी आले तर बोय ताटात कडक झालेली,
शेपटीला धरली तर फळीसारखी आडवी राहिली.
आपण म्हणतो, मेला, हातपाय सुटले.
सुटत नाहीत.
शिधा संपतो आणि सगळे हात
होते तिथे दोर धरून बसतात.
मासा असा मुठी आवळून मरतो.

आत्ते म्हणाली, थोडा वेळ राहू दे, आपोआप सैल होईल.

संध्याकाळी लवू वाटणीचे पैसे द्यायला आला.
त्याला खवल्याचं सांगितलं.
खळ्यात उभ्याउभ्या ऐकत राहिला.
"मासो मेलो, नि खवलो चलता?"
चालतो, म्हटलं. निदान मी निघाले तोवर चालत होता.
तो काही बोलला नाही.
माझा तळवा उलटा करून कंदिलाकडे धरला,
सोललेल्या जागेवर फुंकर घातली,
"फाल्यां येव नको," म्हणाला. "चार दिस रव."

चार दिवस कशाला हे मला माहीत आहे.
खोबरेल लावून मूठ उघडी ठेवून झोपते.
जखमेच्या काठाशी, इतक्यात,
पहिली रांग पाण्यात उतरली असेल.